फिडल, पेटी आणि नभोवाणी

मद्रास शहराच्या, म्हणजे आजच्या चेन्नईच्या, कूवम नदीलगतच्या ज्या भागाला एग्मोर म्हणतात, त्याचे मूळ तमिळ नाव एळुंबूर असे आहे. इंग्रजांच्या जिभेला ते पेलले नाही, म्हणून त्यांनी त्याचे एग्मोर केले आणि तेच पुढे नकाशांवर, कागदपत्रांत आणि आगगाडीच्या तिकिटांवर छापले गेले. तमिळ माणूस मात्र घरी एळुंबूर म्हणत राहिला. एकाच जागेची ही दोन नावे शेजारी शेजारी नांदली. बाहेरून आलेली गोष्ट आणि मूळची गोष्ट ह्यांचा संबंध कसा असतो, ह्याचा हा साधा नमुना होय. योगायोग असा की, ज्या साधनाने पुढे भारतातील घराघरांत दूरदूरचे सूर नेऊन पोचविले, त्या नभोवाणीच्या इतिहासातील काही महत्त्वाची पाने ह्याच एग्मोरमध्ये लिहिली गेली.

१९२४ सालच्या मे महिन्यात मद्रास इलाखा रेडिओ क्लब स्थापन झाला. त्याचे प्रवर्तक सी. व्ही. कृष्णस्वामी चेट्टी हे होत. इंग्लंडहून परतताना त्यांनी प्रक्षेपक यंत्राचे सुटे भाग बरोबर आणले होते. ते जोडून अवघ्या ४० वॅट शक्तीचे एक यंत्र सिद्ध झाले आणि ३१ जुलै १९२४ रोजी एग्मोरमधील हॉलोवेज गार्डन ह्या ठिकाणाहून क्लबचे ध्वनिक्षेपण सुरू झाले. सरकारचा अगर एखाद्या मोठ्या कंपनीचा हा उपक्रम नव्हता. वर्गणी देणारे हौशी सभासद, थोडी यंत्रविद्या आणि पुष्कळ उत्साह एवढ्याच भांडवलावर तो उभा होता. पुढे २०० वॅटचे यंत्र आले, पण पैशाचे गणित काही जमले नाही. १९२७ च्या ऑक्टोबरात क्लबला आपले काम थांबवावे लागले. त्याच वर्षी मुंबई आणि कलकत्ता येथे इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनी ह्या खाजगी संस्थेने केंद्रे उघडली होती. तिच्यापाशी क्लबापेक्षा अधिक पैसा असूनही ती १९३० साली दिवाळ्यात निघाली.

क्लबचे यंत्र मात्र वाया गेले नाही. ते मद्रास महापालिकेला देण्यात आले आणि १ एप्रिल १९३० पासून महापालिकेने स्वतःची नभोवाणी चालविली. मरीनाच्या वाळूत आणि शहरातील उद्यानांत ध्वनिक्षेपक लावले गेले. ज्याच्या घरी रेडिओ नव्हता असा माणूसही संध्याकाळी समुद्राचा वारा खात गाणे ऐकू लागला. पाणी, दिवे आणि रस्ते पुरविणाऱ्या संस्थेने नागरिकांना सूरही पुरवावेत, ही कल्पना त्या काळी नवीनच होती. १६ जून १९३८ रोजी ही जबाबदारी ऑल इंडिया रेडिओने घेतली. एग्मोरमधील मार्शल्स रोडवरील ‘ईस्ट नूक’ नावाच्या बंगल्यात मद्रास केंद्राचे उद्घाटन झाले. १९५० नंतरच्या दशकात केंद्र समुद्रकिनाऱ्यावरील नव्या इमारतीत गेले, तोपर्यंत दक्षिणेतील कितीतरी गायकवादकांचा आवाज एग्मोरच्या त्या बंगल्यातूनच बाहेर पडला.

साधन विलायतेत जन्मलेले, भाग विलायतेतून आलेले, केंद्राचे नियम दिल्लीत बसलेल्या इंग्रज अधिकाऱ्यांनी घातलेले. आणि त्या साधनातून बाहेर पडणारे संगीत मात्र त्यागराज, मुत्तुस्वामी दीक्षित आणि श्यामा शास्त्री ह्यांचे. अशा वेळी एक प्रश्न साहजिकच उभा राहतो. बाहेरून आलेले साधन येथील संस्कृतीला गिळून टाकते, की येथील संस्कृती त्या साधनाला पचवून टाकते? ज्याला आज जागतिकीकरण म्हणतात त्याविषयी जगभरच्या विद्वानांनी गेल्या सहासात दशकांत जे मांडले, त्याचा बहुतेक भाग ह्या एका प्रश्नाभोवती फिरतो.

१९६२ साली कॅनडाचे मार्शल मॅक्लूहन ह्यांनी असे प्रतिपादन केले की, विद्युत् माध्यमांमुळे सारे जग एका खेड्यासारखे जवळ येत आहे. खेडे म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे जिव्हाळा उभा राहतो. परंतु ज्यांनी खेडे जवळून पाहिले आहे त्यांना ठाऊक असते की, खेड्यात एक चावडी असते, तिच्यावर काहीजण बसतात आणि बाकीचे खाली उभे राहतात. नेमका हाच मुद्दा अमेरिकेतील हर्बर्ट शिलर ह्यांनी १९६९ साली आपल्या ग्रंथात वेगळ्या शब्दांत मांडला. ज्या देशांच्या हाती पैसा, यंत्रे आणि प्रक्षेपणाची साधने आहेत त्यांच्याच करमणुकी आणि त्यांच्याच आवडीनिवडी इतरांवर लादल्या जातात. राजकीय साम्राज्य गेले तरी सांस्कृतिक साम्राज्य मागे राहते, असा त्यांचा युक्तिवाद होता. पुढे युनेस्कोने आयर्लंडचे शॉन मॅकब्राइड ह्यांच्या अध्यक्षतेखाली एक आयोग नेमला. भारताचे बी. जी. वर्गीस हे त्या आयोगाचे एक सभासद होते. १९८० साली प्रसिद्ध झालेल्या आयोगाच्या अहवालाने बातम्या आणि माहिती ह्यांचा ओघ फार एकतर्फी असल्याची तक्रार जगापुढे ठेवली.

ह्याच्या उलट दुसरा एक पक्ष आहे. त्याचे म्हणणे असे की, लोक काही मातीचे गोळे नव्हेत. बाहेरून आलेली वस्तू ते आपल्या गरजेप्रमाणे वाकवितात, घडवितात आणि पुष्कळदा तिचे मूळ रूप ओळखू येणार नाही इतकी बदलतात. रोलँड रॉबर्टसन ह्यांनी हा विचार मांडताना एका जपानी शब्दाचा आधार घेतला. शेतीची पद्धत स्थानिक जमिनीला जुळवून घ्यावी, असा त्या शब्दाचा मूळ अर्थ आहे. बियाणे कोठलेही असो, पीक येते ते मातीच्या गुणाने, असे हे मत म्हणता येईल.

हे दोन्ही पक्ष तपासून पाहावयाचे तर दक्षिणेच्या संगीताइतके चांगले उदाहरण सापडणे कठीण. तेथे दोन परकी वाद्ये आली, आणि त्या दोहोंच्या वाट्याला अगदी भिन्न नशीब आले.

पहिले वाद्य व्हायोलिन, ज्याला जुने मराठी रसिक फिडल म्हणत. अठराव्या शतकाच्या अखेरीस मद्रासच्या सेंट जॉर्ज किल्ल्यातील इंग्रजी बँड हे नव्या राजवटीचे ऐकू येणारे रूप होते. शहराजवळच्या मणली गावी मुदलियार घराण्याच्या आश्रयाला दीक्षित कुटुंब राहत असे. कंपनी सरकारशी व्यवहार असलेल्या ह्या आश्रयदात्याच्या ओळखीमुळे मुत्तुस्वामी दीक्षितांचे धाकटे बंधू बालुस्वामी दीक्षित ह्यांना एका युरोपीय वादकाकडून फिडल शिकण्याची संधी मिळाली. मुत्तुस्वामींनी तर बँडच्या विलायती चालींवर संस्कृत पदे रचली, आणि खुद्द इंग्लंडच्या राजस्तुतीच्या चालीवर देवीचे स्तोत्र बसविले. तंजावरचे मराठे राजे दुसरे सरफोजी ह्यांच्या दरबारातही पाश्चात्त्य वाद्यांचे अगत्य होते. ज्या राजाने सरस्वती महालातील ग्रंथसंग्रह वाढविला, मराठीत नाटके लिहविली आणि बृहदीश्वराच्या मंदिरात १८०३ साली मराठीतून भोसल्यांचा इतिहास कोरविला, त्याच राजाला विलायती बँडचे कौतुक होते. ह्या दोन गोष्टींत त्याला विरोध दिसला नाही. तंजावरच्या प्रसिद्ध चार नर्तनाचार्य बंधूंपैकी वडिवेलू ह्यांनी फिडलवर असे प्रभुत्व मिळविले की, त्रावणकोरचे महाराज स्वाति तिरुनाळ ह्यांनी त्यांना हस्तिदंती फिडल भेट दिले.

परंतु शिकणे आणि आपलेसे करणे ह्यांत अंतर आहे. युरोपीय वादक उभा राहून किंवा खुर्चीवर बसून, वाद्य हनुवटीखाली धरून वाजवितो. दक्षिणेच्या वादकाने मांडी घातली, वाद्याचे एक टोक छातीशी टेकविले आणि दुसरे पायाच्या घोट्यावर विसावले. ह्यामुळे डावा हात वाद्य सावरण्याच्या कामातून मोकळा झाला आणि तारेवरून सहज घसरू लागला. कर्नाटक संगीताचा प्राण असलेली गमके त्या घसरत्या बोटांतून निघू लागली. तारांची जुळणीही गायकाच्या षड्ज-पंचमाशी बांधली गेली. हे सारे कोणत्याही फर्मानाने घडले नाही. दोनतीन पिढ्यांच्या रियाजातून ते हळूहळू होत गेले. विसाव्या शतकात तर व्हायोलिनवाचून कर्नाटक मैफल अपुरी वाटू लागली. इतकेच नव्हे तर हे वाद्य उत्तरेच्या संगीतातही काही अंशी दक्षिणेच्या वाटेने आले. परूर सुंदरम् अय्यर हे दाक्षिणात्य वादक मुंबईस पंडित विष्णु दिगंबर पलुस्करांच्या गांधर्व महाविद्यालयात व्हायोलिन शिकवीत असत. इटलीत घडलेले वाद्य मणलीमार्गे मुंबईस पोचावे, ह्यात जगाच्या देवघेवीचे सारे रहस्य साठविलेले आहे.

दुसरे वाद्य हार्मोनियम. १८४० च्या सुमारास पॅरिसमध्ये ते सिद्ध झाले. मिशनऱ्यांबरोबर ते भारतात आले आणि कलकत्त्यास द्वारकानाथ घोष ह्यांच्या पेढीने त्याला जमिनीवर बसून एका हाताने भाता हलवावा व दुसऱ्याने सूर धरावा, असे सुटसुटीत रूप दिले. मराठी माणसाने त्याचे नावच बदलून टाकले. ती झाली बाजाची पेटी, नुसती पेटी. आणि कोणा रसिकाने तिला संवादिनी असे गोड नावही दिले. कीर्तनात, भजनात, शाळेत आणि विशेषतः संगीत रंगभूमीवर पेटीने आपले आसन मांडले. पायपेटीच्या सुरांवाचून गंधर्वयुगातील नाटकाची कल्पनाच करवत नाही. गोविंदराव टेंबे ह्यांच्यासारख्या कलावंताने ह्याच वाद्यातून इतके मार्दव काढले की, हे लाकूड आणि पितळ आहे ह्याचा ऐकणाऱ्याला विसर पडावा.

तथापि पेटीमध्ये एक जन्मजात उणीव होती. तिचे स्वर ठरलेल्या जागी खिळलेले असतात. एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणारी मींड तिच्यातून निघत नाही आणि तिचे स्वरांतर भारतीय श्रुतींशी तंतोतंत जुळत नाही. सांगलीचे निवृत्त डेप्युटी कलेक्टर कृष्णाजी बल्लाळ देवल ह्यांनी हा दोष काढण्याचा ध्यास घेतला. न्यायखात्यातील इंग्रज अधिकारी ई. क्लेमंट्स त्यांना येऊन मिळाले आणि मिरजेस स्थायिक झालेले उस्ताद अब्दुल करीम खाँ ह्यांच्या गळ्यातील स्वर प्रमाण धरून बावीस श्रुतींचे मोजमाप सुरू झाले. विलायतेतील कारखान्यात श्रुतींची पेटी तयार करवून घेण्यात आली आणि १९१६ साली बडोद्यास भरलेल्या संगीत परिषदेत तिच्यावर चर्चाही झडली. ती पेटी रूढ झाली नाही हे खरे. पण एक मराठी अंमलदार, एक इंग्रज न्यायाधीश आणि किराना गावचा एक मुसलमान गवई, हे तिघे एका परक्या वाद्याला भारतीय स्वर शिकवीत बसले आहेत, हे चित्र विसरण्याजोगे नाही. ज्याला आज संस्कृतींचा संकर म्हणतात तो अशा कष्टाळू माणसांच्या खोलीत घडत असतो.

पेटीवर खरा घाला पडला तो नभोवाणीच्या दालनात. आनंद कुमारस्वामी, फॉक्स स्ट्रँगवेज ह्यांच्यासारख्या अभ्यासकांनी ह्या वाद्याविरुद्ध आधीच लिहिले होते. दिल्ली केंद्रावर पाश्चात्त्य संगीताचे काम पाहणारे इंग्रज संगीतकार जॉन फोल्ड्स ह्यांनी १९३८ साली त्याविरुद्ध कडक टीका केली. ऑल इंडिया रेडिओचे पहिले नियंत्रक लायोनेल फील्डन त्याच मताचे होते आणि रवींद्रनाथ ठाकुरांनाही हे वाद्य नकोसे वाटत असे. अखेर १ मार्च १९४० पासून ऑल इंडिया रेडिओवर हार्मोनियमला बंदी झाली. ह्या प्रसंगातील विसंगती लक्षात घेण्यासारखी आहे. भारतीय संगीताच्या शुद्धतेची काळजी वाहणारे इंग्रज अधिकारी विलायती वाद्याला हद्दपार करीत होते. आणि ते वाद्य पोटाशी धरणारा शेकडो गावांतला भजनी मराठी माणूस त्या निर्णयाच्या वेळी कोठेच नव्हता. एग्मोरच्या ‘ईस्ट नूक’मध्ये बालुस्वामी दीक्षितांचे फिडल मानाने आत गेले आणि पेटी दाराबाहेर राहिली. दोन्ही वाद्ये युरोपातूनच आलेली. तेव्हा ‘परके’पणा हा काही त्यांच्यातील भेद नव्हता.

हार्मोनियमवरील बंदी १९७१ साली सैल झाली. तोपर्यंत तीस वर्षांहून अधिक काळ लोटला होता. त्या काळात पेटी मेली काय? मुळीच नाही. मैफलीत, मंदिरात, नाट्यगृहात आणि गावोगावच्या भजनात ती वाजतच राहिली. कचेरीच्या हुकुमाने एखादी गोष्ट नभोवाणीवरून दूर ठेवता येते, लोकांच्या मनातून काढता येत नाही, हा ह्यातला पहिला धडा.

दुसरा धडा अधिक मार्मिक आहे आणि तो एग्मोरच्या रेल्वे स्थानकापर्यंत नेतो. हे भव्य स्थानक १९०८ साली उघडले. १९१४ साली पांबनचा पूल झाल्यावर एग्मोरहून सुटणारी बोट मेल धनुष्कोडीस जाऊ लागली. तेथून उतारू आगबोटीने तलैमन्नारला आणि पुढे आगगाडीने कोलंबोस जात. सिलोन ही मद्रासच्या माणसाला परदेशापेक्षा शेजारच्या ताटासारखी वाटे. १९३७ च्या ऑक्टोबरात ह्याच दक्षिणेकडच्या लोहमार्गावर, मद्रासहून पाँडिचेरीकडे जात असता सिंगपेरुमाळ कोयिल ह्या लहानशा स्थानकावर अब्दुल करीम खाँसाहेबांनी देह ठेवला. ज्यांनी मिरजेत राहून त्यागराजांच्या रचना ध्वनिमुद्रिकेवर गाइल्या, त्यांचा अंत तमिळ भूमीत व्हावा हेही एका अर्थी त्यांच्या जीवनाशी सुसंगतच म्हणावे लागेल.

दुसऱ्या महायुद्धात लॉर्ड माउंटबॅटन ह्यांच्या आग्नेय आशियातील सेनेसाठी कोलंबोस एक प्रबळ प्रक्षेपक उभारण्यात आला होता. युद्धानंतर तो सिलोन सरकारकडे आला. इकडे १९५२ साली माहिती व नभोवाणी खात्याचे मंत्री म्हणून बाळकृष्ण विश्वनाथ केसकर ह्यांनी सूत्रे हाती घेतली. पुण्यात जन्मलेले हे विद्वान गृहस्थ अभिजात संगीताचे कळकळीचे पुरस्कर्ते होते. चित्रपटगीतांतील पाश्चात्त्य चालींची भेसळ त्यांना खपत नसे. आकाशवाणीवरील चित्रपटगीतांचा वेळ आखडला गेला, निर्मात्यांशी तंटा झाला आणि गीते जवळजवळ बंद पडली. त्याच वर्षाच्या डिसेंबरात रेडिओ सिलोनवर बिनाका गीतमाला सुरू झाली. गाणी हिंदी, ती गाणारे भारतीय, निवेदक अमीन सयानी मुंबईचे, कार्यक्रमाचे ध्वनिमुद्रणही मुंबईचेच. जाहिरात मात्र एका स्विस कंपनीच्या दंतमंजनाची आणि प्रक्षेपक सिंहली भूमीवर ब्रिटिश सेनेने मागे ठेवलेला. भारताचे गाणे भारताच्याच श्रोत्याला ऐकण्यासाठी समुद्र ओलांडून परत यावे लागले. बोट मेलने माणसे दक्षिणेकडे जात होती, आणि सूर वाऱ्यावरून उत्तरेकडे येत होते.

केसकरांच्या धोरणाची थट्टा करणे सोपे आहे. परंतु न्याय हवा असेल तर त्याची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. संस्थाने विलीन झाली होती, जमीनदाऱ्या संपत होत्या, देवस्थानांचा आश्रय आटत चालला होता. अशा वेळी शास्त्रीय संगीताच्या कलावंताला दरमहा मानधन आणि सन्मान देणारी नभोवाणीखेरीज दुसरी मोठी संस्था देशात नव्हती. १९५२ च्या जुलैत सुरू झालेल्या संगीताच्या राष्ट्रीय कार्यक्रमाने नागपूरच्या श्रोत्याला कर्नाटक आलापन आणि मदुरेच्या श्रोत्याला ख्याल ऐकविला. बाजाराच्या हवाली केले असते तर ह्यातले किती टिकले असते हे सांगणे अवघड आहे. म्हणजे संरक्षणाची गरज खरी होती. चूक झाली ती संरक्षणाच्या नावाखाली लोकांच्या आवडीला दार बंद करण्यात. ती चूक दुरुस्तही झाली. वृत्तपत्रांत टीका झाली, श्रोते दुसऱ्या केंद्राकडे वळले, आणि ३ ऑक्टोबर १९५७ रोजी आकाशवाणीने विविध भारती सुरू केली. चित्रपटगीत पुन्हा स्वदेशी आले. १९६७ साली मुंबई, पुणे आणि नागपूर ह्या केंद्रांवर जाहिरातीही येऊ लागल्या.

ह्या साऱ्या व्यवहारात शिलर ह्यांचे म्हणणे खोटे ठरत नाही, कारण सत्तेचे आणि पैशाचे वजन पावलोपावली जाणवते. रॉबर्टसन ह्यांचेही खोटे ठरत नाही, कारण व्हायोलिन आणि पेटी ह्या दोहोंनी भारतीय रूप घेतले. तथापि दोघांच्याही मांडणीत एका गोष्टीकडे पुरेसे लक्ष गेलेले नाही. मुंबईच्या तमिळ कुटुंबात जन्मलेले अर्जुन अप्पादुराई ह्यांनी १९९० साली माणसे, माध्यमे, यंत्रे, पैसा आणि विचार ह्यांचे पाच निरनिराळे प्रवाह कल्पिले आणि हे प्रवाह एकाच दिशेने, एकाच गतीने वाहत नाहीत असे दाखवून दिले. त्यांचे वडील एस. ए. अय्यर हे नेताजींच्या आझाद हिंद सरकारात प्रचारखात्याचे मंत्री होते. नभोवाणीच्या लाटांना राष्ट्रांच्या सीमा अडवीत नाहीत, हे त्या घराला पुस्तकाबाहेरही ठाऊक असले पाहिजे. गीतमालेच्या कथेत हे पाचही प्रवाह दिसतात. परंतु प्रवाह कसे वाहतात हे कळल्यावरही एक प्रश्न उरतोच: बंधाऱ्याची झडप कोणाच्या हाती आहे, आणि त्या माणसाला कोणी जाब विचारू शकतो काय?

संस्कृतीच्या वादात ‘हे कोठून आले?’ हा प्रश्न फार वेळा विचारला जातो. मराठी माणसाने तर तो जपूनच विचारावा. कारण तमिळ प्रदेशात एकेकाळी परकी असलेली पुष्कळ सामग्री मराठीच होती. तंजावरला आलेल्या मोरगावकर रामचंद्रबावांसारख्या कीर्तनकारांचा आदर्श पाहून तंजावर कृष्ण भागवतर ह्यांनी तमिळ हरिकथेला नवे वळण दिले. साकी, दिंडी, ओवी आणि अभंग ही नावे आजही तमिळ हरिकथेच्या परिभाषेत आढळतात. ती कथा पुढे मद्रासच्या नभोवाणीवरूनही गाजली. तमिळ श्रोत्याने साकी-दिंडीला परकी म्हणून हाकलले नाही, आणि साकी-दिंडीने तमिळ भाषेला गिळले नाही. कारण ती स्वीकारणारे भागवतर स्वतः आपल्या कलेचे धनी होते. काय घ्यावे, किती घ्यावे आणि काय टाकावे हे त्यांचे ते ठरवीत होते आणि समोर बसलेला श्रोता त्यांना तिथल्या तिथे पसंती-नापसंती कळवीत होता.

निवड कोण करतो आणि त्या निवडीची दाद कोठे मागता येते, ही एग्मोरच्या इतिहासातून निघणारी खरी कसोटी आहे. हॉलोवेज गार्डनमधील क्लबात निवड सभासदांची होती. महापालिकेच्या नभोवाणीविषयी नगरसेवकाला विचारता येत होते. ‘ईस्ट नूक’मधील केंद्र दिल्लीच्या हुकुमाने चाले, पण त्यालाही मार्शल्स रोडवरचा पत्ता होता. तेथे पत्र पाठविता येई, कलावंत तक्रार करू शकत आणि स्वातंत्र्यानंतर तर त्या खात्याच्या मंत्र्याला संसदेत उत्तर द्यावे लागे. पेटीवरची बंदी चुकीची असली तरी ती कोणी घातली हे माहीत होते, म्हणूनच ती कधीतरी सैल होऊ शकली. चित्रपटगीतांचे दार बंद झाले तेव्हा ते कोणी लावले हे देशाला ठाऊक होते, म्हणूनच ते पाच वर्षांत उघडले.

आजचा श्रोता खिशातल्या दूरध्वनीवर कोरियाचे गाणे ऐकतो, तमिळ चित्रपट मराठी अक्षरांच्या ओळी वाचत पाहतो, आणि अमेरिकेत वाढणारे मराठी मूल भारतातील भजन क्षणात मिळविते. ही समृद्धी नाकारण्याचे कारण नाही. मणलीच्या फिडलपासून चालत आलेल्या देवघेवीचाच हा पुढचा टप्पा आहे. परंतु पुढचे गाणे कोणते लागावे हे आता बहुधा यंत्रातील गणित ठरविते. ते गणित कोट्यवधी लोकांच्या ऐकण्याच्या सवयी मोजते आणि बहुतेक वेळा ज्याला अधिक श्रोते त्यालाच पुन्हा पुढे करते. तमिळ प्रदेशात तीनशे वर्षे टिकलेली तंजावरी मराठी बोलणाऱ्या थोड्या घरांचे गाणे ह्या मोजणीत सहज हरवून जाते. पेटीप्रमाणे तिच्यावर कोणी बंदी घालीत नाही. तिला कोणी नको म्हणत नाही, आणि ती ऐकूही येत नाही. जेथे नकारच उच्चारला जात नाही तेथे दाद कोणाकडे मागावयाची?

कोणतेही परके वाद्य संस्कृतीला आपोआप बुडवीत नाही आणि आपोआप तारीतही नाही. व्हायोलिन आपले झाले, कारण ते मांडीवर घेऊन बसणारी माणसे होती, त्यांना पोसणारे आश्रयदाते होते आणि त्यांना हवा तेवढा वेळ मिळाला. हे तिन्ही आजही लागतात. छोट्या भाषांची केंद्रे, स्थानिक कलावंतांना मानधन देणाऱ्या संस्था, आणि निवडीचे नियम उघड सांगण्याचे बंधन ह्या गोष्टी जुन्या वाटल्या तरी त्यांचे काम संपलेले नाही. १९२४ साली ४० वॅटच्या यंत्राचा आवाज फार लांब पोचत नसेल; पण तो कोठून येतो आहे आणि कोणाशी बोलावयाचे आहे, हे एग्मोरच्या श्रोत्याला माहीत होते. सारे जग ऐकू येणाऱ्या आजच्या श्रोत्यालाही तेवढा हक्क मिळावयास हवा.